खंदकावरचा साकव : प्रकल्प नोंदी

पहिले वर्ष

११ जानेवारी
आज नुसती पाहणी. खंदक भिंतीपासून भिंतीपर्यंत ३ मीटर रुंद, सर्वांत खोल जागी २.२ मीटर. पलीकडे जायला धड वाट नाही, म्हणून लोक ढासळलेल्या कोपऱ्यातून खाली उतरतात आणि समोरच्या भिंतीच्या वरच्या थरावर पाय देऊन चढतात. सगळे इथूनच चढत असल्याने तो थर सैल झाला आहे. जुने फोटो शेजारी धरून एकेक दगड ताडून पाहिला. चौदा दगड जागचे हलले आहेत, त्यातले तीन खंदकात पडले आहेत. एका दगडावर पाय ठेवला तर तो दातासारखा हलला. पटकन पाय काढून घेतला.

साकव बांधायचा तो या दगडांसाठी. माणसांची सोय होईल ती त्यातूनच.

२५ जानेवारी
साकव टेकवायचा कशावर, यावर तीन तास चर्चा झाली. सोपा उपाय म्हणजे जुन्या भिंतीत भोके पाडून लोखंडी आधार बसवायचे. लाकूड कमी लागेल, पूल आखूड होईल. गटातल्या पुरातत्त्व अभ्यासक ताईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "आणि वीस वर्षांनी पूल काढावा लागला, तर ती भोकं कशी काढणार?"

मग त्यांनी जुन्या वास्तूंच्या जतनाची तत्त्वे सांगणाऱ्या १९६४ च्या व्हेनिस सनदेतली दोन कलमे वाचून दाखवली. बाराव्या कलमानुसार, नवा घातलेला भाग जुन्याशी मेळ खाणारा हवा, पण नवा म्हणून ओळखूही यायला हवा. चौथे कलम सांगते की वास्तूची निगा ही कायम चालू राहिली पाहिजे. बाराव्यावर खूप बोललो. चौथ्यावर कोणीच काही बोलले नाही.

ठरले ते असे. जुन्या भिंतीला हात लावायचा नाही. दोन्ही काठांपासून १ मीटर मागे सरकून नवी बैठक करायची. म्हणजे ३ मीटरच्या खंदकावर मोकळा गाळा ५ मीटरचा. जास्तीचे दोन मीटर लाकूड भिंतीच्या मोबदल्यात. सगळे जोड बोल्टचे आणि स्क्रूचे, खिळा एकही नाही, सिमेंट कुठेच नाही. उद्या साकव उचलून नेला तर खाली जमीन होती तशी सापडली पाहिजे.

८ फेब्रुवारी
बैठकीसाठी खोदाई, फक्त ३० सेंटिमीटर आणि तीही ताईंच्या देखरेखीखाली. पहार आणली होती, ती बाजूला ठेवायला लागली. थापी आणि ब्रशने काम. पूर्वेकडच्या खड्ड्यात वीतभर खाली खापरांचे तुकडे लागले. जागेवरच मोजमाप घेतले, फोटो काढले, वर बारीक वाळू पसरून पुन्हा झाकले आणि बैठक ४० सेंटिमीटर उत्तरेला सरकवली. पश्चिमेची बैठकही तितकीच सरकवावी लागली. आखणीची दोरी पुन्हा ताणली, गुण्या लावून कर्ण जुळवले.

बैठक म्हणजे खडीच्या थरावर घडीव दगडाची लादी, १.६ बाय ०.७ मीटर. एवढी रुंद का, असे एका नव्या मुलाने विचारले. इंजिनिअर ताईंनी त्याला वहीत हिशेब करून दाखवला. साकवावर माणसे दाटीने उभी राहिली तरी लादीखालचा दाब चालणाऱ्या माणसाच्या एका पावलाखालच्या दाबापेक्षा कमी येतो. पोरगा स्वतःच्या बुटाकडे बघत राहिला. मलाही हे आजच कळले.

२२ फेब्रुवारी
तुळया पाहिल्या. साग, १०० बाय २७५ मिलिमीटर, लांबी ५.६ मीटर, तीन नग. सुतारकाकांनी प्रत्येक तुळईवर पाणी शिंपडले आणि उन्हात तिरपी धरून पाहिली. ओले झाले की लाकडाचे रंग उघडे पडतात. दोन तुळया एकजात तपकिरी. तिसरीच्या एका कडेला दोन बोटे रुंदीचा फिकट पट्टा, टोकापासून टोकापर्यंत.

"हा बाहेरचा भाग," काका म्हणाले. "झाड जिवंत असताना यातून पाणी चढतं. याला कस नाही. साग म्हणून जो टिकतो तो आतला गाभा. ही बदलून घ्या."

बदलून घ्यायची तर पाच आठवडे थांबावे लागणार होते आणि पावसाळा समोर दिसत होता. निर्णय माझ्यावर होता. मी ती तुळई ठेवून घेतली. फिकट कड वर येईल अशी बसवू, वर डांबरी पट्टी आहेच, असे म्हणालो. काका काही बोलले नाहीत. त्यांनी पेन्सिलने त्या टोकावर एक फुली मारली.

१ मार्च
सुटलेले दगड परत बसवायचे काम आज सुरू झाले. भिजवून मुरवलेला चुना एक भाग आणि वाळू तीन भाग. गवंडीदादांनी आधी जवळचाच एक जुना दुरुस्तीचा पट्टा दाखवला. कधीतरी कोणीतरी सिमेंटने सांधे भरले आहेत. सिमेंट जसेच्या तसे शाबूत आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे दगड पापुद्र्यासारखे सुटत आहेत. भिंतीत मुरलेली ओल एरवी सांध्यातून बाहेर पडते. सांधा बंद केला की ती दगडातून वाट काढते, सोबतचे क्षार दगडाच्या तोंडाशी येऊन स्फटिक धरतात आणि आतून कवच उडवतात. सांधा दगडापेक्षा मऊ हवा. झिजायचे तर सांध्याने झिजावे, तो पुन्हा भरता येतो.

चौदाही दगड जुन्या फोटोप्रमाणे आपापल्या जागी गेले. वरून ओले गोणपाट टाकले. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो, पण तो वाळता कामा नये. रोज दोन वेळा पाणी मारायची पाळी लावली आहे.

१५ मार्च
तुळया बसल्या. एकेक तुळई सुमारे १०० किलोची. खंदकावर आडवी शिडी बांधली, तिच्यावर रूळ ठेवले, अलीकडून सहा जणांनी ढकलले आणि पलीकडून दोघांनी दोर ओढला. जुन्या भिंतीच्या माथ्यावर आधीच फळ्या आणि गोणपाट अंथरले होते. तुळई एकदाही भिंतीला टेकली नाही.

तुळईचे टोक थेट लादीवर ठेवलेले नाही. मध्ये २० मिलिमीटर जाडीच्या कठीण रबराच्या पट्ट्या आहेत, म्हणजे खालून वारा खेळेल. आडव्या कापलेल्या टोकाकडून लाकूड बाजूंपेक्षा अनेक पटींनी जास्त पाणी पिते, म्हणून चारही बाजूंच्या आधी टोकांना मेणाचे दोन हात दिले. फुलीवाली तुळई उत्तरेच्या कडेला बसली.

२९ मार्च
फळ्या ३८, जाडी ४० मिलिमीटर, दोन फळ्यांत ८ मिलिमीटरची फट. फटीसाठी सगळ्यांना एकाच मापाच्या पट्ट्या कापून दिल्या, तरच रांग सरळ येते. प्रत्येक फळीला सहा स्क्रू, म्हणजे एकूण २२८. सगळे स्टेनलेस स्टीलचे. साधे लोखंड ओल्या लाकडातल्या टॅनिनशी मिळून निळे-काळे डाग पाडते आणि स्वतःही गंजत जाते.

प्रत्येक फळीखाली पेन्सिलने क्रमांक लिहा, असे काकांनी सांगितले. आता खाली वाकून कोण बघणार, असे एकाने म्हटले. तरी लिहिले.

५ एप्रिल
कठडा. उंची १.१ मीटर, दोन उभ्या पट्ट्यांत १० सेंटिमीटरपेक्षा कमी अंतर, लहान मुलाचे डोके अडकू नये म्हणून.

१२ एप्रिल
भार चाचणी. दर चौरस मीटरला ५ किलोन्यूटन धरले तर सहा चौरस मीटरवर सुमारे ३ टन. वाळूच्या २५ किलोच्या १२२ गोणी हातोहात आणून थराथराने रचल्या. मध्यभागी तुळईखाली पट्टी बांधून तिच्याशेजारी ताणलेल्या दोरीवरून वाक मोजला. गणिताने ११.५ मिलिमीटर सांगितले होते. प्रत्यक्षात १० आला. रात्रभर भार तसाच ठेवला.

१३ एप्रिल
सकाळी वाक ११ मिलिमीटर. गोणी उतरवल्यावर तुळया परत वर आल्या, १ मिलिमीटर तेवढा राहिला. इंजिनिअर ताई समाधानी.

मग मुलांना मोकळे सोडले. आठ जण एका तालात उड्या मारत होते, आम्ही दोन्ही टोकांना कान देऊन बसलो. लंडनचा मिलेनियम पूल जून २००० मध्ये उघडला आणि दोनच दिवसांत बंद करावा लागला. चालणाऱ्यांच्या पावलांनी तो आडवा झुलू लागला, तो झुलल्यामुळे लोक नकळत त्याच तालात पाय टाकू लागले आणि झोका वाढत गेला. झोके शोषणारी यंत्रणा बसवून तो २००२ मध्ये पुन्हा सुरू झाला. आमचा साकव आखूड आणि ताठ आहे, त्याची स्वतःची कंपने सेकंदाला दहाच्या वर, माणसाची पावले दोनच्या आसपास. तरी करून पाहिले. फळ्यांचा आवाज झाला, तुळया गप्प राहिल्या.

१९ एप्रिल
चढण. साकवाचा माथा जमिनीपासून ३५ सेंटिमीटर वर आला आहे. दोन पायऱ्या केल्या असत्या तर काम तासाभरात संपले असते. पण व्हीलचेअरला १ : १२ चा उतार लागतो, म्हणजे ३५ सेंटिमीटरसाठी ४.२ मीटर. दोन्ही बाजूंचे मिळून ८.४ मीटर, खुद्द साकवापेक्षा जास्त. जमिनीवर आधी जिओटेक्स्टाइल, म्हणजे माती वेगळी ठेवणारे कापड अंथरले, कडेला दगड लावले, वर मुरूम आणि खडी टाकून चोपणीने बसवली. कापडाखालची जुनी जमीन तशीच आहे.

भराव अगदी फळीच्या कडेपर्यंत नेला, चाक अडकू नये म्हणून. दिसायलाही सलग, छान दिसते.

३ मे
वाट खुली. पहिल्या तासातच एक आजी व्हीलचेअरवरून आल्या. नातू ढकलत होता. मध्यावर त्यांनी त्याला थांबवले, कठड्यावर हात ठेवला आणि खाली खंदकाच्या भिंतीकडे बराच वेळ बघत राहिल्या. "लहानपणी इथून उतरले होते मी," म्हणाल्या. नीट बसवलेले दगड त्यांच्या बरोबर खाली होते.

२१ जून
पहिला मोठा पाऊस. पाणी फटींतून सरळ खाली जाते. सगळे ठीक.

दुसरे वर्ष

१० जानेवारी
वार्षिक तपासणी. फळ्या, कठडा, स्क्रू पाहिले. तीन बोल्ट अर्धा फेरा सैल होते, लाकूड सुकून आकसले की असे होते. आवळले. वहीत ‘सर्व ठीक’ लिहून सही केली.

१८ जुलै
फळ्यांवर शेवाळ. एक बाई घसरल्या, कठडा धरल्यामुळे वाचल्या. ताठ ब्रश आणि साधे पाणी घेऊन घासले. कोणीतरी जोराच्या फवाऱ्याचे यंत्र आणतो म्हणाले, काकांनी नको म्हटले. त्याने लाकडाचे मऊ तंतू उडतात आणि पृष्ठभाग खरबरीत होऊन शेवाळ आणखी धरते.

बांधकामाच्या शेवटच्या दिवशी आम्ही एकोणीस जण होतो. आज चौघे.

६ सप्टेंबर
पाचोळ्याने फटी भरल्या होत्या. पातळ पट्टीने खरवडून काढल्या. तीन जण.

११ ऑक्टोबर
कामाऐवजी बैठक. संख्या का घटली यावर बोलायचे ठरले होते, पण तक्रारींनी कोणी परत येत नाही. म्हणून मी दोन पुलांची माहिती सांगितली.

पेरूमध्ये अपुरिमाक नदीवर केस्वाचाका नावाचा दोरांचा पूल आहे. काठावरचे चार गाववस्त्यांचे समाज दरवर्षी गवताचे दोर वळतात, जुना पूल कापून नदीत सोडतात आणि नवा विणतात. ही विद्या युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत २०१३ मध्ये गेली. यादीत पूल नाही, विणण्याचे ज्ञान आणि विधी आहेत. महासाथीच्या काळात विणकाम राहून गेले आणि २०२१ मध्ये पूल तुटून पडला. त्याच वर्षी लोकांनी तो पुन्हा विणला. विणणारे होते म्हणूनच ते जमले.

दुसरा जपानमधल्या इसे देवस्थानाचा उजी पूल. लाकडी, शंभर मीटरहून थोडा लांब. तो दर वीस वर्षांनी नवा बांधतात. वीस वर्षे म्हणजे, ज्याने तरुणपणी हाताखाली काम केले तो पुढच्या वेळी शिकवायला उभा असतो.

काका मागे बसून ऐकत होते. उठताना म्हणाले, "मग पोरांना नुसतं झाडायला बोलावू नका. हत्यार हातात द्या." पुढच्या महिन्यापासून प्रत्येक सफाईच्या दिवशी एक तास सुतारकाम शिकवायचे ठरले. रंध्याला धार लावण्यापासून सुरुवात.

८ नोव्हेंबर
नऊ जण. त्यातले चार केवळ पटाशी शिकायला. चालेल.

तिसरे वर्ष

१६ जानेवारी
ही नोंद मन लावून लिहितो आहे, कारण चूक माझी आहे.

तपासणीला या वेळी पटाशी शिकायला आलेल्या त्या चौघांतली एक मुलगी होती. मी नेहमीप्रमाणे वरून सुरुवात केली. ती म्हणाली, "दादा, फळ्यांचे नंबर बघून येते," आणि सरळ खंदकात उतरून साकवाखाली गेली. पाच मिनिटांनी तिची हाक आली. "इकडे टोक दिसतच नाहीये."

खाली गेलो. पश्चिमेच्या बाजूला तुळयांची टोके मातीत बुडाली होती. चढणीचा मुरूम दोन पावसाळ्यांत पाण्याबरोबर सरकत टोकांवर येऊन बसला होता. रबरी पट्ट्यांमधली वारा खेळायची जागा चिखलाने भरली होती. वरून यातले काहीही दिसत नाही, फळीच्या कडेपर्यंत नेलेला तो सलग, छान भराव सगळे झाकतो. मागच्या वर्षी ‘सर्व ठीक’ लिहिले तेव्हा मी खाली उतरलोच नव्हतो.

हातांनी माती काढली. ओली, थंड, कुजल्या पाचोळ्याचा वास. काकांनी टोच्या घेतला. दक्षिणेची तुळई टोचली, टोक जेमतेम दोन-तीन मिलिमीटर गेले आणि टण् असा कोरडा आवाज आला. मधलीचे तसेच. उत्तरेच्या तुळईला टोच्या लावला तर काहीच आवाज नाही. तो चार सेंटिमीटर आत गेला, भिजल्या वडाच्या पारंबीत जावा तसा. बाहेर काढला तेव्हा टोकाला तांबूस ओला भुगा होता आणि त्यात पांढऱ्या बुरशीचे धागे. ओल मोजायच्या यंत्राने तुळईच्या मध्यावर १४ टक्के दाखवले, टोकाशी ३१. वीसच्या वर लाकूड बराच काळ राहिले की बुरशी लागतेच.

मातीखाली धुऊन पाहिले. काकांची पेन्सिलची फुली अजून होती.

कूज फिकट पट्ट्यातच आहे. त्याला लागून असलेल्या तपकिरी गाभ्यावर टोच्या पुन्हा वाजतो. गाभ्याने तीच माती आणि तीच ओल सोसली आणि तो तगला. काकांनी दोन वर्षांपूर्वी सांगितले होते ते एवढेच. मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "आता माती आधी काढू. सगळ्यांच्या टोकांची."

साकव बंद केला. दोन्ही बाजूंना दोर आणि पाटी.

३० जानेवारी
तुळईचे करायचे काय? कुजलेला भाग कापून नवा तुकडा तिरप्या सांध्याने जोडता येईल, असे दोघांचे मत. पण फिकट पट्टा पूर्ण लांबीभर आहे, आज हे टोक गेले, उद्या ते जाईल. इंजिनिअर ताईंनीही टेकणीच्या जागी सांधा नको म्हटले. नवी तुळई. या वेळी पाणी शिंपडून पाहिल्याशिवाय काहीही आणायचे नाही, आणि थांबावे लागले तर थांबायचे.

थांबलो. सात आठवडे.

२० मार्च
सगळा साकव उकलला. कठडा, मग ३८ फळ्या. फळीखालचे क्रमांक एकूणएक वाचता आले. २२८ स्क्रूंपैकी दोनांचीच डोकी झिजली, ती दोन बाजूने लाकूड कोरून काढली. बाकी सगळे अंगठ्याएवढ्या जोराने सुटले. खराब तुळई शिडीवरून, रुळांवरून परत अलीकडे. दुपारपर्यंत खंदकावर दोनच तुळया उरल्या आणि जुनी भिंत पूर्ण उघडी दिसली. चुन्याचे सांधे तपासले, एकही दगड हललेला नाही. दोन वर्षांत त्यांच्यावर कोणाचा पाय पडलेला नाही.

२१ मार्च
नवी तुळई बसवली, फळ्या क्रमाने परत. चढणीत बदल केला. भराव आता तुळयांच्या टोकांपासून १५ सेंटिमीटर अलीकडे थांबतो, तिथे कोरडी दगडी पाळ आहे आणि मधल्या मोकळ्या जागेवर उचलता येणारी फळी. फळीला बोट घालायला एक खाच. फळी उचलली की टोक समोर.

जुन्या तुळईची खराब बाजू चिरून काढली. उरलेल्या गाभ्यातून कठड्याचे सहा खांब निघाले. मुलांनी रंधा मारला. ताज्या सागाचा वास सगळ्या आवारात.

२८ मार्च
पुन्हा भार, पुन्हा १२२ गोणी. वाक १० मिलिमीटर. वाट खुली.

२७ जून
पावसात तपासणी, मुद्दाम. कोरड्या दिवशी पाणी कुठे थांबते ते कळत नाही. सुरुवात खालून, मग टोके, मग वर. वहीत आता ‘सर्व ठीक’ असा रकाना नाही. प्रत्येक टोकापुढे टोच्या किती आत गेला आणि ओल किती, ते आकडे लिहायचे.

पूर्व, तीन टोके : २, ३, २ मिलिमीटर. ओल १७, १८, १७.
पश्चिम, तीन टोके : २, २, ३ मिलिमीटर. ओल १८, १७, १९.
पश्चिमेच्या फळीखाली मूठभर पाचोळा होता. काढला.

तपासणी त्या मुलीने केली, आकडे तिने सांगितले, मी लिहिले. खाली सही तिची आहे.